तापीकाठची जुनी लाकडी होडी: डागडुजी, रंग आणि राखण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हतनूरच्या फुगवट्यात, सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजमागे, नवापूरकडे उकाईच्या पाण्यात आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला नर्मदेत अजून लाकडी होड्या चालतात. बऱ्याच आता काठावर पालथ्या पडून आहेत. अशी होडी घरात असेल, कुणी देऊ केली असेल किंवा वडिलांच्या हातची म्हणून ठेवली असेल, तर हे पान तुमच्यासाठी आहे. भोई आणि कोळी बांधवांना यातलं बरंच ठाऊक असेल. पण होडी आता अशाही घरांत आहे जिथे ती सांभाळणारा जाणता माणूस उरलेला नाही, म्हणून मुळापासून सांगतो.

कोकणातल्या होड्यांसाठी सांगतात ती पद्धत आपल्याकडे चालते का?

थोडी चालते. बरीचशी चालत नाही, आणि नुकसान बहुतेक तिथूनच सुरू होतं.

समुद्रात लाकडाला भोकं पाडणारा किडा असतो. त्याच्यासाठी आणि तळाला चिकटणाऱ्या शिंपल्यांसाठी तिकडे तांबं मिसळलेला महागडा रंग लावतात. तापीच्या गोड्या पाण्यात तो किडा नाही. त्या रंगावर पैसे घालू नका. हे विषारी तांबं आपल्या पाण्यात सोडायचंही काही कारण नाही, काठच्या गावांच्या पाणीयोजना याच पाण्यावर आहेत.

उलट जे खारं पाणी करतं ते आपलं पाणी करत नाही. मीठ बुरशीला आवरतं, गोडं पाणी तिला पोसतं. त्यामुळे आपल्या होड्या बाहेरून कमी आणि आतून जास्त कुजतात. पावसाचं पाणी तळाशी साचतं, फळ्यांच्या टोकांत मुरतं आणि तिथेच बसून राहतं.

दुसरा वैरी ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाण्याबाहेर काढलेली होडी त्या उन्हात आठवडाभरात फाटते. ओलं, मग कडकडीत कोरडं, मग पुन्हा ओलं हा फेरा आपल्या होड्यांना खातो. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती आहेत.

काम कधी काढावं?

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेपासून (डिसेंबरच्या सुमारास) महाशिवरात्रीपर्यंत. हवा कोरडी, ऊन सोसवेल इतकं आणि पावसाची भीती कमी. त्यातही सकाळी दव पूर्ण उडाल्यावर सुरुवात करा आणि दुपार कलायच्या आत हात थांबवा. संध्याकाळी उशिरा लावलेल्या व्हार्निशवर रात्रीचं दव पडलं की सकाळी ते दुधाळ दिसतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास व्हार्निश लावायला जाऊच नका. ब्रश फिरवून होईपर्यंत वरची साय धरते, खालचं ओलंच राहतं, आणि आठ दिवसांत सुरकुत्या येतात. त्यात वावटळीची धूळ वेगळीच.

होडी दुरुस्त होण्याजोगी आहे का, हे कसं ओळखायचं?

एक दाभण किंवा अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि एक लहान हातोडी. आधी होडी झाडून, धुऊन, सावलीत चार दिवस वाळू द्या. मग हातोडीने फळी फळी वाजवत जा. निरोगी लाकूड टणटणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. जिथे आवाज बदलेल तिथे दाभण टोचा. चांगल्या सागात ते टोकापुरतं घुसतं आणि ओढताना अडकतं. कुजलेल्या फळीत बोटाच्या पेरभर सहज जातं, आणि बाहेर काढल्यावर तपकिरी चुरा किंवा चौकोनी तुकडे पडतात.

या जागा सोडू नका: फळ्यांची टोकं, बसायच्या पाटाखालची बाजू, आतल्या फासळ्या आणि फळ्या जिथे एकमेकींना टेकतात ती चीर, आणि लोखंडी खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळं. वरून गुळगुळीत रंग आणि आत पोकळ, असं याच ठिकाणी सापडतं.

दोन-चार फळ्या गेल्या असतील तर होडी वाचते. फासळ्या अर्ध्याअधिक गेल्या असतील तरी वाचते, पण सुताराचं काम मोठं आहे. तळाचा कणाच जागोजागी मऊ लागला, किंवा होडी दोन्ही टोकांनी खाली लवून मधे उंचावली असेल, तर ती पाण्यात नेण्याचा आग्रह धरू नका.

जुना रंग कसा काढायचा?

आधी एक इशारा. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत असलं पाहिजे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या होडीवरचे थर त्याआधीचे असतील तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासायचं नाही. पाणी मारत ओला घासकागद वापरा, किंवा पेंट रिमूव्हर लावून खरवडणीने काढा. गॅसच्या ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नका. तोंडाला चांगला मास्क, खाली ताडपत्री, आणि लहान मुलं व गाईगुरं लांब. खरवडलेला रंग गोळा करून पिशवीत बांधा. नदीत किंवा शेतात झाडून टाकू नका.

रंग घट्ट बसलेला असेल, कुठे फुगलेला नसेल, तर तो सगळा काढायची गरज नाही. नखाने निघत नाही तो थर अस्तर म्हणून उत्तम.

लाकूड काळं पडलंय. पुन्हा उजळेल का?

राखाडी झालं असेल तर ते उन्हाचं काम. ८० नंबरच्या घासकागदाने घासा, मग १२०च्या. आतला रंग निघतो.

खिळ्यांभोवती काळंनिळं असेल तर तो लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचा डाग. बाभळीत तो जास्त दिसतो. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं: एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ब्रशने लावा, वाळू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. हे विष आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच. वाळलेल्या पांढऱ्या भुकटीवर घासकागद फिरवू नका, ती नाकात जाते.

उन्हात राहून सांध्यांना फटी पडल्यात. लांबी भरून घेऊ का?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि होड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

वाळलेल्या होडीच्या फटीत कडक लांबी, एम-सील किंवा भुसा-फेविकॉल ठासला की त्या दिवशी होडी छान दिसते. मग ती पाण्यात जाते. फळ्या फुगतात, त्यांना सरकायला जागा नसते, आणि कडक भराव एकतर बाहेर फेकला जातो किंवा फळीची कड चिरडतो. जास्त ताण आला तर फासळीचे खिळे उपटतात. बैलगाडीचं चाक उन्हात आकसून धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल झाली की शेतकरी पाचर ठोकत नाही, चाक भिजत घालतो. होडीचं तेच आहे.

म्हणून आधी भिजवा. होडी सावलीत सुलटी ठेवून आत गोणपाट अंथरा आणि चार-पाच दिवस ते सतत ओलं ठेवा. बाहेरूनही ओलं गोणपाट गुंडाळलं तर अधिक चांगलं. बऱ्याच फटी आपोआप मिटतात. ज्या मिटत नाहीत त्यांच्यावर सुताराच्या पेन्सिलीने खूण करा. मग होडी सावलीतच हळूहळू वाळू द्या आणि फक्त खूण केलेल्या सांध्यांत काम करा.

त्या सांध्यातला जुना भराव आकड्याने ओढून काढा. कडा स्वच्छ करून आतून पातळ प्रायमरचा एक हात द्या. आता लांब धाग्याचा स्वच्छ कापूस घ्या. खान्देशात त्याची वाण नाही, पण सरकीचे तुकडे आणि पाचोळा त्यात राहू देऊ नका. त्याची हाताने सैल वात वळा आणि बोथट पटाशीने, लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ती आत बसवा. वात फटीच्या मानाने थोडीच जाड हवी. आवळून ठासलेला कापूसही फळी फोडतो, कारण ओला झाला की तोही फुगतो. वर ३-४ मिलिमीटर जागा सोडा. कापसावर प्रायमर चोळा म्हणजे तो धरून राहतो. मग खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली मऊ लांबी त्यात भरा. काही जुनी माणसं यात शेंदूर घालत. ती लांबी टिकायची, पण शेंदूर म्हणजे शिसंच. आज तो वापरू नये.

एका खोडातून कोरलेला डोंगा आहे. त्याला हेच लागू आहे?

त्याला सांधे नाहीत, म्हणून कापसाचं काम नाही. डोंगा टोकांकडून चिरतो. दोन्ही टोकांच्या उघड्या रेषांवर जाड प्रायमर किंवा व्हार्निशचे तीन-चार हात आधी द्या, मग बाकीच्या अंगाकडे वळा. चिरेवर पत्र्याचं ठिगळ खिळ्यांनी ठोकलं असेल तर ते उचकटून बघाच. पत्र्यामागे पाणी अडकतं आणि चीर लहान असली तरी तिच्याभोवतीचं लाकूड वीतभर कुजलेलं निघतं.

बदलायच्या फळीसाठी लाकूड कुठलं घ्यावं?

साग. सातपुड्याचा आणि डांगाकडचा साग आपल्या हाताशी आहे, पण तो वनखात्याच्या डेपोतून किंवा पावती आणि वाहतूक परवाना असलेल्या वखारीतूनच घ्या.

माझी पसंती मात्र जुन्या सागाला आहे. गावोगाव धाब्याची घरं पाडली जातायत, त्यांचे खांब आणि सर (तुळया) निघतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही. कापायच्या आधी जुने खिळे लोहचुंबकाने शोधा, नाहीतर करवतीचं पातं जाईल. फासळ्यांसाठी बाभूळ चांगली, कारण तिच्या फांद्या मुळातच वाकलेल्या मिळतात आणि रेषा तुटत नाहीत.

सागाला तेलकटपणा असतो. गोंद किंवा व्हार्निश लावायच्या लगेच आधी ती जागा थिनरच्या फडक्याने पुसा, एरवी पापुद्रा सुटतो.

खिळे कोणते?

तांब्याचे, आतून वळवून बसवलेले, हे सर्वांत चांगलं. ते परवडत नसतील तर जाड जस्ताचा थर दिलेले चालतील. दुकानात चकचकीत दिसणारे पातळ मुलाम्याचे खिळे दोन पावसाळे काढत नाहीत.

घरचं शेंगदाणा तेल, सरकीचं तेल, करंज तेल चोपडलं तर?

तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं का, हा खरा प्रश्न आहे. जवसाचं तेल सुकतं. सरकीचं अर्धवट सुकतं आणि चिकट राहतं. शेंगदाण्याचं आणि करंजाचं सुकतच नाही. ते लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि पुढे कुठलाही रंग त्यावर बसू देत नाही. इंजिनचं जळकं ऑइल याहून वाईट, त्याचा तवंग सरळ पाण्यात जातो.

जवसाचं घ्या, पण दुकानातून डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते. घाण्याचं कच्चं तेल सुकायला फार दिवस घेतं. पहिल्या हातात अर्धं टर्पेंटाइन मिसळा, पुसून लावा, अर्ध्या तासाने वर राहिलेलं फडक्याने काढा. नुसत्या जवसाच्या तेलावर पावसाळ्यात काळी बुरशी धरते, म्हणून वरून रंग किंवा व्हार्निश हवंच.

आणि ही गोष्ट मनावर घ्या: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.

व्हार्निश लावू की रंग?

मासेमारीची किंवा माणसं ने-आण करणारी होडी असेल तर रंग. आपल्या उन्हात पारदर्शक थरातून अतिनील किरणं आत जातात आणि व्हार्निशखालचं लाकूड जळतं, मग व्हार्निश पापडासारखं सुटतं. रंगातलं रंगद्रव्य ती किरणं अडवतं. वरच्या अंगाला पांढरा, फिकट पिवळा, आकाशी असा उजळ रंग द्या. काळ्या किंवा गडद निळ्या फळीवर मेमध्ये हात ठेववत नाही, आणि तितकी तापलेली फळी फाटणारच.

सागाच्या रेषा बघायची हौस मी समजू शकतो. मग काठाची पट्टी, बसायचा पाट आणि वल्ही यांना व्हार्निश द्या आणि अंगाला रंग. होडी देखणी दिसते आणि राखणही आवाक्यात राहते.

व्हार्निशचे किती हात द्यायचे?

सहा तरी. लाकडात ओल नको. मोजायचं यंत्र असेल तर ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. नसेल तर रात्री फळीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवा. सकाळी आतून दहिवर दिसलं तर अजून थांबा.

पहिला हात निम्म्या टर्पेंटाइनचा, म्हणजे तो आत मुरतो. दुसऱ्यात पाव भाग. नंतरचे जवळजवळ जसेच्या तसे. दोन हातांच्या मधे २२०चा, शेवटी ३२०चा घासकागद अगदी हलका फिरवा, धूळ ओलसर फडक्याने टिपा. डब्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण आणि बाहेरच्या वापरासाठी असं लिहिलेलं असलं पाहिजे. फार कडक पॉलियुरेथेन फळ्यांच्या होडीला नको. लाकूड हलतं, ते हलत नाही, मग सांध्यावर तडकतं.

सुतार म्हणतो मेलामाइन किंवा चपड्याचं पॉलिश करू.

दिवाणखान्यातल्या शोकेससाठी ते छान. चपड्याचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, मेलामाइन उन्हात तडकतं. सुताराला नम्रपणे नाही म्हणा.

तळाला डांबर?

पूर्वापार लावतात आणि पाणी अडतं हे खरं. पण रस्त्याचं डांबर आपल्या उन्हात मऊ होऊन ओघळतं. आणि एकदा डांबर लागलं की त्यावर दुसरा कुठलाही रंग लावला तरी काळे डाग वर येतात. तळाला आधीच डांबर असेल तर तिथे डांबरच चालू ठेवा. कोऱ्या लाकडावर नव्याने लावू नका. गरम करताना त्याचा धूर छातीत घेऊ नका.

एपॉक्सी आणि फायबरचं कवच चढवलं तर कायमची कटकट मिटेल का?

फळ्यांच्या होडीची मिटत नाही. लाकूड आत फुगतं-आकसतं, कवच स्थिर राहतं, कुठेतरी चीर पडते आणि तिथून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. दोन वर्षांनी कवच शाबूत आणि आत भुसा, अशी होडी दुरुस्त करता येत नाही. शेवटचे काही हंगाम काढायचे असतील तरच हा मार्ग.

लहान दुरुस्तीला, तुटलेला पाट किंवा वल्हं जोडायला एपॉक्सी फार चांगलं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याची हातातली वेळ साधारण निम्मी होते. म्हणून थोडं थोडं कालवा, पसरट भांड्यात, आणि ऊन उतरताना लावा. सकाळी लावलं तर लाकूड तापत जातं, आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे उठतात. वरून व्हार्निश किंवा रंग हवाच, एपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं.

इंजिन बसवायचंय.

मागची फळी आणि तिचा आधार आधी मजबूत करा, थरथरीने जुने सांधे उघडतात. यांत्रिक होडीला इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ प्रमाणे तपासणी आणि नोंदणी लागते. नवा रंग पाहून कुणी होडी सुरक्षित धरू नये. माणसं बसणार असतील तर तितकी लाइफ जॅकेट आधी घ्या, रंग नंतर.

पाण्याबाहेर असताना कशी ठेवावी?

इथे केलेली मेहनत व्हार्निशच्या चार हातांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

धरणाचं पाणी उतरतं तेव्हा होडी गाळात जशी टेकते तशी सोडून देतात. एक बाजू अधांतरी, एक रुतलेली. काही महिन्यांत तिला पीळ बसतो आणि तो मग निघत नाही. पाणी उतरायला लागलं की होडी वर घ्या. दगड किंवा विटांवर लाकडी ओंडके ठेवून किमान तीन जागी आधार द्या, जमिनीपासून हातभर उंच. काळ्या मातीवर टेकली की वाळवी लागलीच. ओंडक्यांच्या पायथ्याशी मातीची नळी दिसतेय का ते आठवड्याला बघा. आतल्या कोऱ्या लाकडाला रंगाआधी टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाणी पाजलं तर वाळवी आणि बुरशी दोन्ही आवरतात. पण ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून वर रंग हवा.

उन्हाळ्यात सावली हवी, मग ती आंब्याची असो, पत्र्याच्या शेडची असो की पऱ्हाट्यांच्या मांडवाची. शेड नसेल तर आत ओलं गोणपाट ठेवा, फार वाळू देऊ नका. पावसाळ्यात, श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या दिवसांत सगळे कामात असतात तेव्हा, होडी पालथी घालून ठेवा. सुलटी ठेवायची असेल तर बूच काढा आणि एक टोक उंच करा. वरून प्लॅस्टिक घट्ट बांधू नका. खालून वारा खेळला नाही तर आत वाफ साचते, आणि ती पावसाइतकीच कुजवते. ताडपत्री काठीवर उचलून तंबूसारखी टाका.

पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली होडी कुजत नाही, कारण बुरशीला हवा लागते. जुने नावाडी होडी बुडवून ठेवत त्यामागे हाच हिशोब आहे. अर्धी पाण्यात, अर्धी उन्हात असलेली मात्र पाण्याच्या रेषेवर सडते.

दरवर्षी काय करावं लागेल?

दिवाळीनंतर एकदा धुवा, दाभण घेऊन फिरा, खरचटलेल्या जागी लगेच रंग टेकवा. व्हार्निशच्या जागी १-२ हात. चकाकी गेली की लावा, पापुद्रा उडायची वाट पाहिली तर पुन्हा कोऱ्या लाकडापासून सुरुवात करावी लागते.

सगळं केलं, पाण्यात उतरवली आणि आत पाणी येतंय!

येणारच. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, दोरीने बांधून ठेवा. कुणालाही बसवू नका. पाणी उपसत राहा. पहिल्या दिवशी पाणी येतं, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक सांधे धरतात. धार एकाच जागी टिकून असेल तर ती जागा आतून खुणेने नोंदवा, होडी वर घ्या आणि तेवढाच सांधा उघडून कापूस पुन्हा भरा. चार दिवसांनंतरही ओल जागोजागून येत असेल, तर सांध्यांना हात लावू नका. आधी प्रत्येक खिळा तपासा. जुन्या होडीत पाणी बऱ्याचदा गंजलेल्या खिळ्याच्या भोकातून येतं.